आपल्या तालुक्यात श्रद्धांजली कोणाला मिळते? (मोठं आहे, पण वाचा)

बांधावरून (कुरखेडा तालुका)

बरेच दिवस डोक्यात घोळून राहिलं होतं, आज लिहूनच टाकतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला २६ माणसं मारली तेव्हा आमच्याकडं कॅंडल मार्च निघाला. कोणी पत्रक काढलं नाही, भोंगा फिरवला नाही, सकाळी व्हॉट्सॲपवर टाइम पडला अन् संध्याकाळी अर्धं गाव चौकात उभं. किराणावाले, शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया, दोन्ही पक्षांचे लोकं. मीही होतो. मारलेल्यांत आपल्या राज्यातले ६ जण, बायकोलेकरांसमोर गोळ्या घातल्या, राग येणारच. म्हणून पहिलेच सांगतो, त्या मेणबत्तीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ती निघायलाच पाहिजे होती.

पण याच चौकात मी लहानाचा मोठा झालो अन् आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात पोलिसांचा खबऱ्या म्हणून मारलेल्या माणसासाठी इथं कधी मेणबत्ती पेटलेली मला आठवत नाही. जानेवारी २०१९ मध्ये भामरागड तालुक्यातल्या कसनासूरच्या तिघांना नक्षल्यांनी मारलं अन् कोसफुंडी फाट्याजवळ रोडवर टाकून दिलं. पेपरात बातमी आली, पानठेल्यावर दोन दिवस चर्चा झाली, अन् चर्चा कशाची तर ते खरंच खबरे होते का. मेलेल्या माणसावर आपण पानठेल्यावर केस चालवली. पहलगामच्या एकाही माणसाबद्दल कोणी असं विचारलं नाही, अन् विचारायचं कारणही नव्हतं. मग इकडच्याबद्दल का विचारलं?

त्याच वर्षी १ मे ला आमच्याच तालुक्यात जांभुळखेड्याला भूसुरुंग फुटला. १५ जवान गेले अन् ते ज्या खाजगी गाडीतून जात होते तिचा ड्रायव्हर गेला. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर १५ फोटो होते. सोळावा त्याच गाडीत होता, त्याच स्फोटात गेला, त्याच्याही घरी कोणीतरी वाट पाहत होतं.

माझं मत असं झालंय की आपलं काळीज कोरडं नाही. आपल्याकडं रडलं तरी ते कोणाच्या बाजूनं रडला असं मोजलं जातं, म्हणून माणूस गप बसतो. नक्षल्यांनी मारलेल्याच्या मातीला जास्त दिसला तर उद्या तुझं नाव चिठ्ठीत. पोलिसांच्या गोळीनं गेलेल्याच्या घरी बसला तर ठाण्यातून बोलावणं. दूरच्या माणसासाठी मेणबत्ती लावताना ही भीती नसते. तुमच्या गावचं काय आहे ते लिहा.


फ्लेक्सवाला (वडसा)

भाऊ, तुम्ही फ्लेक्सचं काढलं म्हणून लिहितो, माझं दुकानच ते आहे. श्रद्धांजलीचा बॅनर कसा बनतो ते सांगतो म्हणजे तुमचा मुद्दा ध्यानात येईल. घरचे लोकं फोटो आणतात, बहुतेक लग्नातला ग्रुप फोटो असतो, त्यातून माणूस कापून काढतो, मागं निळं आभाळ टाकतो, दोन बाजूला समई, वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून नावं. ती खालची नावंच खरा बॅनर असतो. कोणाचं नाव पहिले, कोणाचा फोटो मोठा, मित्र परिवार लिहायचं का समस्त गावकरी, याच्यावर अर्धा तास जातो.

पहलगामच्या वेळेस दोन दिवस मशीन थांबली नाही. गणेश मंडळं, व्यापारी संघ, वाढदिवसाचे बॅनर लावणारे सगळे आले. सगळ्यांच्या बॅनरवर खाली नावं होती, फोटो होते.

अन् एकदा एक माणूस आला होता, गाव सांगत नाही, त्याच्या भावाला घरातून रात्री उचलून नेऊन मारलं होतं. फोटो म्हणून आधारची झेरॉक्स. ते झेरॉक्स मोठं केलं तर नुसते काळे ठिपके दिसतात, तरी मी जमेल तसं साफ केलं. त्यानं सांगितलं मृत्यूची तारीख टाका पण कसा गेला ते टाकू नका. खाली कोणाची नावं टाकू विचारलं तर बराच वेळ उभा राहिला अन् म्हणाला, माझंही टाकू नका. समस्त गावकरी टाकू का म्हटलं तर म्हणे गाववाले नाही म्हणतील. ३ बाय २ चा बॅनर, खाली रिकामा. इतक्या वर्षांत खाली नाव नसलेला तेवढा एकच बॅनर मी छापला. बांधावरून भाऊ, तुम्ही म्हणता ती भीती मी माझ्या काउंटरवर पाहिली आहे.


सीमेवरचा_भाऊ (चंद्रपूर)

दोघांचं वाचलं. मला राग आला नाही पण काही गोष्टी बोलल्याच पाहिजे.

माझा सख्खा लहान भाऊ सी-६० मध्ये, म्हणजे गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात होता. २००९ हे एकच वर्ष घ्या. १ फेब्रुवारीला मरकेगावला १५ पोलीस गेले, २१ मे ला हत्तीगोट्याला १६, त्यात ५ महिला पोलीस होत्या, ८ ऑक्टोबरला लाहेरीला १७. एका वर्षात एका जिल्ह्यात. तेव्हा पुण्यामुंबईत किती मेणबत्त्या पेटल्या? माझा एक मामेभाऊ पुण्यात कंपनीत आहे, त्याच्या ऑफिसात लाहेरी म्हटलं तर कोणाला माहीत नाही. सी-६० मधली बरीच पोरं इथलीच, आदिवासी, गोंडी-माडिया बोलणारी. तर पहिले हे लिहा की जवानाच्या मरणाचीही वाटणी होते, सीमेवर गेला तर देशभर बातमी, गडचिरोलीत गेला तर जिल्हा पानावर.

दुसरं, सगळ्यांसाठी सारखं रडता येत नाही. आपला माणूस गेला की पोटात तुटते, परक्याचा गेला की वाईट वाटते, हा फरक राहणारच. त्यात कोणाला गुन्हेगार ठरवू नका. तो ड्रायव्हर मात्र फोटोत पाहिजे होता, ते शंभर टक्के मान्य.


अचलपूरकर

मी आतापर्यंत इथं फक्त वाचत होतो, शेतीच्या धाग्यांवर एकदोनदा लिहिलं असेल. आज थोडं लिहितो, गैरसमज नको.

पहलगामनंतरच्या शुक्रवारी आम्ही दंडाला काळी फीत लावून नमाजला गेलो. मनापासून लावली. माझी आई टीव्हीसमोर रडत होती, त्या नव्या लग्नाच्या पोरीचा फोटो पाहून. पण बाहेर आल्यावर ओळखीचेच लोकं फितीचा फोटो काढत होते अन् एकानं म्हटलं, चला, तुम्ही पण निषेध केला हे बरं झालं. आम्ही पण. माझ्या आईचं रडणं हजेरी लावल्यासारखं मोजलं गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्या २६ मध्ये एक तिथला घोडेवाला मुसलमानही होता, पर्यटकांना वाचवायला गेला अन् गेला.

मग ७ मे ला पूंछवर पलीकडून तोफगोळे पडले. आपल्या देशातलंच शहर. १२ वर्षांची जुळी भावंडं, बहीण अन् भाऊ, एकाच दिवशी गेली. गुरुद्वाऱ्यावर गोळा पडला, शीख लोकं गेले, हिंदू गेले, मुसलमान गेले. आमच्याकडं त्या आठवड्यात चौकाचौकात फटाके होते, कारवाई झाली म्हणून आनंद होता, तो मी समजू शकतो. पण पूंछसाठी एक ओळ कुठं दिसली नाही. तेही पाकिस्तानच्याच गोळ्यानं गेले होते ना? मग पहलगामचा शोक अन् पूंछचा शोक वेगळा कसा झाला? मला वाटते आनंदाच्या दिवशी मध्येच शोक कोणाला नको होता, अन् पूंछचं मरण कोणत्याच भाषणात बसत नव्हतं.


वर्धेकर_काका (आष्टी)

बाबांनो, चांगला धागा आहे, मारामारी न करता बोलताय म्हणून मीही बोलतो. वय झालं, टायपिंग हळू आहे.

आमच्याकडं १६ ऑगस्टला दरवर्षी कार्यक्रम असतो. १९४२ ला त्याच दिवशी आष्टीत अन् चिमुरात लोकं पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, आपली माणसं गेली, पोलीसही मारले गेले. हे इथल्या शाळेतल्या पोराला पाठ असते. पण चिमुरात त्यानंतर फौज आली अन् बायांवर जे अत्याचार झाले ते भाषणात एका वाक्यात येते, कधी तेवढंही येत नाही. माझ्या उभ्या हयातीत मी त्या बायांसाठी दोन मिनिटं कोणी उभं राहिलेलं पाहिलं नाही. गोळी लागलेल्याचं नाव घेता येते, त्या बायांचं नाव घेता येत नाही, अन् जिचं नाव घेता येत नाही तिचा शोक कसा करायचा हे आपल्याला कोणी शिकवलंच नाही.

एकानं मात्र केला. सेवाग्रामला भन्साळी म्हणून गांधीजींचे सहकारी होते. गांधीजी तेव्हा तुरुंगात. चिमूरची बातमी छापायला सरकारनं बंदी घातलेली. हा माणूस म्हणाला चौकशी झाली पाहिजे अन् अन्न सोडलं. पायी चिमूरला निघाला तर पोलिसांनी धरून परत सेवाग्रामला आणून सोडलं, तरी उपास सोडला नाही. ६३ दिवस. जानेवारी १९४३ मध्ये समझोता झाला तेव्हा सोडला. त्या बायांपैकी एकीलाही तो ओळखत नव्हता, गुजरातचा माणूस, ना जातीचा ना गावचा. सीमेवरचा भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे, आपल्याच्या मरणानं जास्त तुटते. पण भन्साळींचंही खरं आहे, अन् ते आपल्याच वर्धा जिल्ह्यात घडलंय.


ढालपूजा (हिंगणा तालुका)

काका, तुम्ही वर्धेचं सांगितलं, मी नागपूरचं सांगतो. मी गोवारी समाजाचा. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन, आमच्या लोकाईचा मोर्चा विधानभवनाकडं. पोलिसांचा लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले. बहुतेक बाया अन् लेकरं. गुरं चारणारा समाज, अर्ध्या बाया पहिल्यांदाच नागपूर पाहायला आल्या होत्या. माझी मोठी आई त्यात होती, वाचली, पण तिच्या हातातलं लेकरू सुटलं.

आता मले सांगा, स्वतंत्र भारतात एका दुपारी ११४ लोकं उपराजधानीच्या शहरात मेले हे महाराष्ट्रात किती लोकाईले माहीत आहे? मी मुंबईत दोन वर्षं होतो कामाला, तिथं एकालेही माहीत नव्हतं. झिरो माइलजवळ स्मारक आहे, दर २३ नोव्हेंबरला आम्ही जातो, एसटीनं, ट्रॅक्टरनं, बाया घरून डबे बांधून आणतात. दिवाळी होऊन थोडेच दिवस झालेले असतात, आमच्यात दिवाळीला ढाल नाचवतात, अन् मग लगेच हे. बाजूनं शहराची गर्दी चाललेली असते अन् लोकं विचारतात कोणती यात्रा आहे.

चौकशीला आयोग नेमला होता, कोणावर ठपका आला नाही. नेते येतात, हार घालतात, आरक्षणावर बोलतात. आरक्षणाचं मोठंच आहे, त्याच्यासाठीच तर गेले होते. पण मेलेल्याबद्दल बोलायचं राहूनच जाते. बांधावरून भाऊ म्हणतात तशी भीती आमच्यात नाही, आम्हाले कोणाची भीती नाही. तरी शोक आमचा आमच्यातच राहिला. म्हणून मले वाटते भीती हे एक कारण आहे, दुसरं कारण हे की मेलेल्या बाईची शहरात ओळख कोणाशी होती. सीएसटीचं पाहा ना. २६/११ ले सीएसटीवर ५८ लोकं गेले, एकेका हॉटेलात त्याच्याहून कमी. टीव्हीवर तीन दिवस हॉटेल दिसलं. सीएसटीवर गावाले जाणारे लोकं होते, गाठोडे घेऊन बसलेले.


पुसदचा_पक्या

इथं सगळं विदर्भाचंच चाललंय तर मी जरा बाहेरचं विचारतो. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर यावरून भांडण होऊन सहा जण बाहेर पडले. एक जण गाझाच्या लेकरांचे फोटो टाकतो, दुसरा लगेच म्हणतो काश्मिरी पंडितांच्या वेळी कुठं होता, तिसरा म्हणतो ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलमध्ये १२०० लोकं मारले तेव्हा का गप होता. मग पहिला म्हणतो गाझात ६० हजाराच्या वर गेले, त्यांच्या आरोग्य मंत्रालयाचा आकडा आहे. दुसरा म्हणतो तो आकडा मानत नाही. अन् हे सगळं चालू असताना ज्याचा फोटो टाकला ते लेकरू कोण, कुठलं, कसं गेलं, हे कोणी एक वाक्य विचारत नाही. मेलेलं लेकरू उचलून एकमेकांना मारायला वापरतात, असं दिसते मला ते.

अन् सुदानचं तर नावच नाही. एप्रिल २०२३ पासून तिथं दोन फौजा लढून राहिल्या, एल फाशर शहराला दीड वर्ष वेढा होता, २०२५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी पडलं अन् आत उरलेल्यांची कत्तल झाली. माझ्या ग्रुपवर गाझावालाही त्याच्यावर बोलला नाही अन् इस्रायलवालाही नाही. कारण सुदानच्या माणसाच्या मरणानं इथं कोणाला टोमणा मारता येत नाही. हे लिहिताना मलाच कसंतरी होत आहे पण खरं आहे. मणिपूरचं घ्या, ३ मे २०२३ ला सुरू झालं, आपलाच देश, प्रेतं कित्येक महिने शवागारात पडून होती, शेवटी सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर डिसेंबरात एकाच दिवशी ८७ जणांना चुराचांदपूरला माती दिली. आपल्या जिल्ह्यात कोणाच्या स्टेटसला ते होतं?


परिपाठ (आर्णी, जि. प. शिक्षक)

पक्याभाऊ, एक उलटं उदाहरण देतो, माझ्या डोळ्यासमोरचं. १६ डिसेंबर २०१४ ला पाकिस्तानात पेशावरच्या शाळेत १३० च्या वर लेकरं मारली. दुसऱ्या दिवशी देशभरातल्या शाळांत दोन मिनिटं मौन ठेवा असं पंतप्रधानांनी आवाहन केलं होतं. आमची चौथीपर्यंतची शाळा. परिपाठात मी पोरांना सांगितलं की दुसऱ्या देशातल्या शाळेत पोरांना मारलं, आपण त्यांच्यासाठी उभं राहायचं. एका पोरीनं विचारलं, सर, कोणत्या वर्गातली होती? मी म्हटलं सगळ्या वर्गातली. मग ती उभी राहिली. पाकिस्तान का, मुसलमान का, हे एकाही पोरानं विचारलं नाही, अन् गावातल्या एकाही पालकानं येऊन भांडण केलं नाही. याच देशात, याच जिल्ह्यात झालं हे. कोणीतरी वरून सांगितलं की हे आपलेच समजा तर लोकांनी समजलं. म्हणून मला वाटते, आपल्याला जमत नाही असं नाही, आपल्याला तसं सांगणारे कमी झाले. त्यानंतर इतक्या वर्षांत दुसऱ्या देशातल्या लेकरांसाठी मौनाचं असं आवाहन आमच्या शाळेपर्यंत आलेलं मला आठवत नाही.


टेकाडावरची_ताई (धानोरा भाग)

मी आरोग्य खात्यात आहे, उपकेंद्रावर, गावोगाव फिरते. तुमची सगळ्यांची चर्चा वाचली. मेणबत्ती, फ्लेक्स, स्टेटस, ठीक आहे, पण ज्याच्या घरचा जातो त्याला काय लागते ते मी सांगते कारण मी त्या घरात जाते, बीपी मोजायला, लेकराला डोस द्यायला.

एक बाई आहे. नवऱ्याला पाच-सहा वर्षांआधी मारलं, पोलिसांना सांगतो म्हणून. पोलीस पाटीलही नव्हता तो, तेंदूच्या हंगामात फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, पुडे मोजायचा. तेरवीला गावातलं कोणी जेवायला आलं नाही. भात रांधलेला तसाच राहिला. त्यानंतर बचत गटाच्या मीटिंगचा निरोप तिच्याकडं यायचा बंद झाला. हातपंपावर ती आली की बाया भराभर हंडे उचलतात. तिच्या पोराला आश्रमशाळेत पोरं खबऱ्याचा म्हणतात. ती मला एकदा म्हणाली, सिस्टर, तुम्ही बसता म्हणून बरं वाटते, नाहीतर मीच मेली की काय असं वाटते.

सरकारचं पण सांगते. केंद्राची योजना आहे २००८ ची, दहशतवादी, नक्षली किंवा दंगलीत गेलेल्या नागरिकाच्या घरच्यांसाठी, आधी ३ लाख होते, २०१६ पासून ५ लाख. अचलपूरकर भाऊ, सीमेवरच्या गोळीबारात गेलेलेही त्याच योजनेत येतात. म्हणजे पूंछचं लेकरू अन् आमच्या गावचा माणूस सरकारच्या कागदावर एकाच रांगेत आहे, आपल्या मनातच ते वेगळे आहेत. या बाईची फाइल दोन ठिकाणी फिरली, कागद जोडायला पण सोबत जायला गावातून कोणी तयार नव्हतं.

तर सगळ्यांसाठी मिळून एकच श्रद्धांजली असं जे काही लोकं म्हणतात ना, हिंसेत गेलेल्या सर्वांना वगैरे, त्यानं हिला काही होणार नाही. सर्वांमध्ये तिचा नवरा कुठं सापडणार? तिला त्याचं नाव पाहिजे, गावानं मोठ्यानं घेतलेलं.


सीमेवरचा_भाऊ

ताई, हे वाचून मी गप झालो. तेरवीचा भात तसाच राहिला हे फार झालं. आपल्याकडं वैऱ्याच्या तेरवीलाही जातात.


बांधावरून

ताईंनी लिहिलं त्यावर चार दिवस विचार करून राहिलो. आता परिस्थिती थोडी बदलली आहे असं मला वाटते. २०२५ च्या ऑक्टोबरात नक्षल्यांच्या मोठ्या नेत्यानं, भूपतीनं, ६० जणांसोबत गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर हत्यार टाकलं. रस्ते झाले, टॉवर आले. पंधरा वर्षांआधी जे बोलता येत नव्हतं ते आता बोलता येईल असं दिसते. सरेंडर केलेल्यांचं पुनर्वसन होऊन राहिलं, घर, पैसा, ते चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण ज्यांना मारलं त्यांच्या घरच्यांनी हे पाहायचं अन् त्यांच्या माणसाचं नाव कुठंच नाही, हे कसं सहन होत असेल?

जंगलात नक्षल्यांनी आपल्या मेलेल्यांचे लाल स्तंभ बांधले होते, पोलिसांनी ते पाडले. जिल्ह्यात पोलिसांचं शहीद स्मारक आहे, ते पाहिजेच. माडिया लोकं तर आपल्या मेलेल्यांसाठी गावाबाहेर दगड उभा करतात, ती जुनी रीत आहे. दोन्ही बंदुकांच्या मध्ये जो गेला त्याला मात्र गावानं मोठ्यानं कधी आपलं म्हटलं नाही.

माझा विचार असा की २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक विषय घ्यायचा. आपल्या गावातले जे कोणी या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मारले गेले, कोणीही मारले असोत, त्यांची नावं वाचायची. मेणबत्ती नको, पुढारी नको. नाव, वय, काय काम करायचा. बस. ग्रामसेवकाकडं विषय आधी द्यावा लागेल.


सीमेवरचा_भाऊ

विषय चांगला आहे पण एक सरळ प्रश्न. कोणीही मारले असोत म्हणता, तर दलममध्ये, नक्षल्यांच्या हत्यारबंद तुकडीत, गेलेल्याचंही नाव येणार का? तसं असेल तर मी विरोध करीन, माझ्या भावावर गोळी चालवणाऱ्याचं नाव मी उभं राहून ऐकू शकत नाही.


बांधावरून

नाही. हातात हत्यार घेतलेला नाही. फक्त नागरिक.


टेकाडावरची_ताई

अन् ज्याच्याबद्दल वाद आहे त्याचं? २२ एप्रिल २०१८ ची बोरिया-कसनासूरची चकमक, दोन दिवसांत ४० मेले. एटापल्लीकडच्या गट्टेपल्लीचे आईबाप म्हणत होते की आमची पोरं लग्नाला गेली होती. पोलीस म्हणत होते की नुकतीच दलममध्ये गेली होती. त्या आईनं कुठं जायचं? छत्तीसगडमध्ये सारकेगुड्याला जून २०१२ मध्ये १७ लोकं मारले, नक्षली म्हणून, अन् सात वर्षांनी न्यायालयीन आयोगानं सांगितलं की ते नक्षली असल्याचा पुरावा नाही. सात वर्षं त्या घरांनी शोक कोणत्या नावानं केला असेल?


सीमेवरचा_भाऊ

ताई, याचं उत्तर माझ्याकडं नाही. माझ्या भावासारख्यांना रात्रीच्या जंगलात सेकंदात ठरवावं लागते, तेही खरं आहे. पण पोर पंधरा-सोळाचं असेल अन् आई म्हणत असेल की लग्नाला गेलं होतं, तर तिच्या दारात जाऊन बसायला मला कोणी अडवलं नाही. ग्रामसभेत नाव वाचायचं का नाही ते त्या त्या गावानं ठरवावं, मी बाहेरून सांगणार नाही.


अचलपूरकर

हे वाक्य माझ्या ग्रुपवर पाठवू का?


सीमेवरचा_भाऊ

पाठवा.


वर्धेकर_काका

मी यंदा १६ ऑगस्टच्या कार्यक्रम समितीला अर्ज देतो, चिमूरच्या बायांसाठी वेगळी दोन मिनिटं ठेवा म्हणून. नाव घेता येत नसलं तरी उभं राहता येते. दिली नाही तर पुढच्या वर्षी परत देतो.


फ्लेक्सवाला

बांधावरून भाऊ, नावांचा बोर्ड लागला तर मी छापून देतो, पैसे नको. खाली शोकाकुलमध्ये कोणाचं नाव टाकणार नाही, समस्त ग्रामसभा एवढंच टाकीन. अन् फ्लेक्स एका पावसाळ्यात उडते, जमलं तर पत्र्यावर पेंटरकडून करून घेऊ, आमच्याकडं एक जुना पेंटर आहे, दुकानाच्या पाट्या लिहायचा, फ्लेक्स आल्यापासून बसून आहे. फक्त नावं घरच्यांकडून लिहून आणा, मतदार यादीत गोंडी नावं फार चुकीची असतात.


टेकाडावरची_ताई

मी आज चार घरी विचारून आली. दोघांनी हो म्हटलं. एक म्हातारा म्हणाला माझ्या पोराचं नाव नका घेऊ, आता झोप लागायला लागली आहे, परत कोणी दारात यायला नको. त्या बाईनं मात्र विचारलं की नवऱ्याच्या नावासमोर फळी मुन्शी लिहाल का, त्याला ते काम आवडायचं.


बांधावरून

लिहू. म्हाताऱ्याचं नाव यादीतून काढतो, विचारल्याशिवाय एकही नाव जाणार नाही. ढालपूजा भाऊ, यंदा २३ नोव्हेंबरला आमच्याकडून किती लोकं येऊ शकतात ते विचारतो, किती वाजता पोहोचायचं ते इथंच टाका. अन् जांभुळखेड्याच्या त्या ड्रायव्हरच्या घरी मी या रविवारी जातो, सोबत कोणी येत असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.


सीमेवरचा_भाऊ

एक जागा माझी धरा. वडशापर्यंत रेल्वेनं येतो.